कापलेली दोन मिनिटं

आमच्या नोएडाच्या स्टुडिओतल्या कपाटात तीन निळे शर्ट असत. तिन्ही बेचाळीस मापाचे, बिनरेघांचे, बिनचौकड्यांचे. बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यासमोर आला की पडद्यावर मुंग्या चालल्यासारखा हलत राहतो आणि प्राध्यापक मंडळींना नेमके तसलेच शर्ट आवडतात. त्यामुळे सर आले की आधी चहा आणि मग निळा शर्ट, असा आमचा शिरस्ता होता. ज्यांना तो सैल व्हायचा त्यांच्या पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. ज्यांना घट्ट व्हायचा त्यांना फक्त छातीपर्यंत दाखवायचं. एका विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाखाली लिहिलं होतं, 'सगळे सर छान शिकवतात, पण हे सख्खे भाऊ आहेत का?'

ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्हिडिओ तयार करणं हे माझं काम. गाझियाबादला आमच्या सोसायटीत ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कुणी म्हणे ही टीव्हीत आहे, कुणी म्हणे मुलांच्या ट्यूशन घेते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून मी दिल्लीची. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, मग एका सरकारी शैक्षणिक कार्यक्रमांच्या विभागात टेप जोडायला बसले आणि शेवटची वर्षं एका खासगी कंपनीत काढली. बाकी सनावळी देत नाही. संपादकांनी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' म्हटलं आहे, तेव्हा धंद्यातलंच लिहिते.

शिकवण्याच्या व्हिडिओत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. चित्र अंधुक असेल तर मूल डोळे बारीक करून बघतं, पण आवाज खराब असेल तर सरळ बंद करतं. म्हणून आम्ही भिंतींना गाद्या लावल्या होत्या, आणि रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद. मे महिन्यात, नोएडात. दर आठ मिनिटांनी थांबायचं, एसी लावायचा, सरांच्या कपाळावर पावडर थापायची, एसी बंद करायचा आणि 'हां सर, तो आप कह रहे थे' म्हणून पुन्हा सुरू. त्यातून मागच्या रिकाम्या प्लॉटवर मोर होते. लोक मोर बघायला अभयारण्यात जातात, आम्ही त्यांना हाकलायला गार्ड पाठवायचो.

मोठमोठे प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर गार पडतात, हेही मी इथेच पाहिलं. वर्गात दोनशे मुलांना धाकात ठेवणारा माणूस त्या काळ्या काचेकडे बघून स्वतःचं नाव विसरतो. संख्याशास्त्राच्या वर्मा मॅडम होत्या. विद्वान बाई, पण कॅमेरा चालू झाला की पाठ केल्यासारखं घडाघडा बोलायच्या. तीन दिवस वाया गेले. शेवटी मी गार्ड तिवारीजींना कॅमेऱ्याच्या खाली स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, 'बस, मैडम की तरफ़ देखते रहिए.' तिवारीजी इमानदार माणूस. कळलं की मान हलवायचे, नाही कळलं तर नुसते बघत राहायचे. ते नुसते बघत राहिले की वर्मा मॅडम तोच मुद्दा दुसऱ्या तऱ्हेने सांगायच्या. कधी लग्नातल्या जेवणाचा दाखला, कधी बसच्या वेळांचा. आमच्या इतक्या अभ्यासक्रमांत मुलांनी शेवटपर्यंत पाहिलेला तो पहिला. तिवारीजींचं नाव मी श्रेयनामावलीत घालायला गेले तर वरून नकार आला.

माझं स्वतःचं नाव मात्र ऑफिसात झालं ते कात्रीमुळे. आमच्यात एक शब्द आहे, हवा काढणं. माणूस बोलताना मध्ये थांबतो, श्वास घेतो, 'मतलब', 'तो', 'है ना' म्हणतो, पाणी पितो, फळ्याकडे बघत राहतो. ती सगळी हवा. ती काढून टाकली की दहा मिनिटांचं बोलणं सहा मिनिटांत बसतं आणि सर हुशार वाटायला लागतात. प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख येतो, किती मुलं कुठल्या सेकंदाला सोडून गेली त्याचा. जिथे हवा असते तिथे तो आलेख जिना उतरल्यासारखा खाली येतो. म्हणून अर्ध्या सेकंदापेक्षा मोठा थांबा ठेवायचा नाही, हा माझा नियम होता आणि नव्या पोरींना मी तो पहिल्या दिवशी सांगायचे. ऑफिसात 'मैडम की कैंची' म्हणून म्हणच पडली होती. मला तिचा अभिमान होता. अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी पानिपतच्या एका प्रशिक्षण केंद्राचं काम आमच्याकडे आलं. पानिपतला जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून त्यांचा पुन्हा कापूस करतात आणि त्याच्या सुतातून ब्लँकेटं, सतरंज्या बनतात. त्या चिंध्या फाडण्याचं एक यंत्र असतं. लोखंडी ढक्कनाच्या आत एक मोठा ड्रम आणि ड्रमवर हजारो दाते. ते यंत्र चालवायला शिकवणारे सतबीर मास्टरजी, साठीचे, उंच, वाळलेले, डाव्या कानाने जरा कमी ऐकणारे. केंद्राला त्यांचा अभ्यासक्रम मोबाईलवर हवा होता, कारण गिरण्यांत काम करणाऱ्या बायाबापड्यांना वर्गात येणं जमत नव्हतं.

आम्ही दोन कॅमेरे घेऊन गेलो. एक दूरचा, त्यात मास्टरजी आणि अख्खं यंत्र. एक जवळचा, ढक्कनावर रोखलेला. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्यांनी फक्त करून दाखवायचं आणि बोलणं नंतर शांत खोलीत रेकॉर्ड करायचं असं ठरलं. ती बोलण्याची वाक्यं मीच लिहिली होती. एका भागात, दात्यांत अडकलेला धागा कसा काढायचा, ते होतं. मास्टरजींनी लाल बटण दाबलं, यंत्र बंद केलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि उभे राहिले. मग बऱ्याच वेळाने ढक्कन उघडलं आणि हात घालून धागा काढला.

नोएडाला परतल्यावर मी तो भाग जोडायला घेतला. दूरच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं जातंय, आणि मध्ये दोन मिनिटं दहा सेकंद एक म्हातारा हात पाठीमागे बांधून उभा आहे. हवाच हवा. मी बटणावरून थेट जवळच्या कॅमेऱ्यावर गेले: ढक्कन उघडतंय, हात आत जातोय. वरून माझं वाक्य, 'पहले मशीन बंद करें, फिर ढक्कन खोलकर फँसा हुआ धागा निकालें.' इतकं सफाईदार जुळलं की नव्या पोरींना शिकवायला मी तो तुकडा नमुना म्हणून ठेवला. नियमाप्रमाणे तयार व्हिडिओ मास्टरजींना मोबाईलवर पाठवला. त्यांनी पाहिला आणि 'ठीक है जी' म्हणून मंजुरीच्या कागदावर सही केली.

आता ते यंत्र काय करतं ते सांगते, कारण मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं. बटण दाबलं की वीज जाते, ड्रम थांबत नाही. एवढं वजन वेगात असतं की ते आपल्या मर्जीने हळूहळू थांबतं. ढक्कनाखाली ते दिसत नाही, आणि कारखान्यात आजूबाजूच्या यंत्रांच्या गोंगाटात ऐकूही येत नाही. जुन्या यंत्रांचं ढक्कन तशातही उघडतं.

सात-आठ महिन्यांनी आमचा मॅनेजर रोहित माझ्या टेबलाशी आला. चांगला मुलगा, माझ्या लेकीच्या वयाचा. म्हणाला, "मैडम, पानिपत वाले में एक चेतावनी डालनी है. छोटा सा काम है."

"क्यों, क्या हुआ?"

"कोई ट्रेनी है, कमलेश. उसका हाथ आ गया मशीन में. दो उँगलियाँ. वो बोल रही है कि वीडियो में मास्टरजी ने ऐसे ही किया था."

कमलेश एका गिरणीत चिंध्या निवडायला होती. यंत्रावर बढती मिळावी म्हणून तिने आमचा अभ्यासक्रम घेतला होता. रोहितनेच सांगितलं की तिने तो भाग चार वेळा पाहिला होता, म्हणजे मन लावून शिकणारी बाई. तिने बटण दाबलं, ढक्कन उघडलं आणि हात घातला. मी दाखवलं होतं तसंच.

मी मूळ फुटेज उघडलं. आमच्याकडे ते वर्षभर ठेवायची पद्धत होती, म्हणून ते होतं. दोन मिनिटं दहा सेकंद. या वेळी मी न कापता पाहिलं.

रोहितला बोलावून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. मग दार लावून हळू आवाजात म्हणाला, "मैडम, किसी ने हमें कुछ कहा नहीं है. मास्टरजी की साइन है अप्रूवल पर. और उन्होंने तो ख़ुद मान लिया कि ग़लती उनकी है."

"क्या मान लिया?"

"यही, कि उस दिन जल्दी में हाथ डाल दिया. सेंटर ने उनको क्लास से हटाकर गोदाम में बिठा दिया है. मतलब, मामला ख़त्म है."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथे संन्यासी स्वतःहून फासापाशी जाऊन उभा होता. चेतावणी घातली, लाल अक्षरांत, आणि घरी आले.

पुढचे अकरा दिवस मी गप्प होते. आकडा पक्का आठवतो, कारण रोज सकाळी उठून मी तो मोजायचे. तीन महिन्यांत निवृत्त होणार होते. कंपनीचं नाव जाईल, पुढचं काम जाईल, रोहितची नोकरी जाईल, असं सगळं दुसऱ्यांचं भलं मला अचानक आठवायला लागलं होतं. आमच्या ह्यांना सांगितलं. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, ते म्हणाले, "अगं, सही त्यांची आहे ना? मग बस यार, कागद बोलतो. तू कशाला मध्ये पडतेस?"

"कागद बोलतो, पण खोटं बोलतोय."

"तू ठरव मग. पानिपतला गाडीने जाऊ नकोस, हायवेवर जाम असतो. ट्रेनने जा." एवढं म्हणून त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. नाही म्हणायची त्यांची पद्धत मला ठाऊक आहे, ती ही नव्हती.

तरी मी गेले नसते. अकराव्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत मी ते फुटेज पुन्हा लावलं आणि या वेळी अगदी आरंभापासून, यंत्र सुरू व्हायच्या आधीपासून. शेड शांत होती. मास्टरजी कॅमेऱ्याकडे वळून विचारत होते, "मैडम जी, बंद होण में टैम लगै है. मैं खड़ा रहूँ उतनी देर?" आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज आला, चांगला खणखणीत, "आप जैसे रोज़ करते हैं वैसे ही कीजिए मास्टरजी. बाक़ी हम देख लेंगे."

हे मी साफ विसरले होते. त्यांनी विचारलं होतं, मला सांगितलंही होतं, आणि मी ते ऐकून घेतलं नव्हतं. लाज कशाला म्हणतात ते मला साठाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी रोहितला सांगून सुट्टी घेतली. कशासाठी तेही सांगितलं. तो पेन फिरवत म्हणाला, "आप मुझसे पूछ नहीं रही हैं ना? तो मैं मना भी नहीं कर रहा." मी फुटेजची प्रत घेतली, माझ्या आवाजासकट, एक सेकंदही न कापता. सोबत एक पानभर चिठ्ठी लिहिली की व्हिडिओतली चूक जोडणारीची आहे, शिकवणाऱ्याची नाही, आणि खाली सही केली.

पानिपतला आधी केंद्राच्या ऑफिसात जाऊन ती चिठ्ठी आणि फुटेज दिलं, पोच घेतली आणि मगच मास्टरजींकडे वळले. उलट केलं असतं तर मी माफीवर भागवून परत आले असते. मी स्वतःला तेवढी ओळखते. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. महिन्याभराने मास्टरजींना वर्ग परत मिळाला. तो भाग आम्ही नव्याने जोडला. कंपनीला त्या केंद्राचं पुढचं काम मिळालं नाही. रोहितची नोकरी राहिली. मला निरोप समारंभात शाल मिळाली आणि भाषण जरा आटोपतं झालं. कमलेशच्या उपचाराचं केंद्राने पाहिलं असं ऐकलं. मी तिला भेटायला गेले नाही. पत्ता होता, पानिपतलाच होते, तरी पाय उचलला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

गोदाम केंद्राच्या मागच्या अंगाला होतं. सूत गुंडाळलेल्या रिळांची पोती, वजनकाटा, एक टेबल. मास्टरजी नोंदवहीत पोती लिहून घेत होते. मला पाहून उठले, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. माझ्यावर त्यांचा राग असेल म्हणून मी तयारी करून आले होते, तर तेच माझी माफी मागायला लागले.

"आपका इतना अच्छा वीडियो मेरी वजह से ख़राब हो गया जी."

"मास्टरजी, ऐसा नहीं है."

"ना जी, है. मैंने ख़ुद देखा. साइन करते टैम ध्यान ना गया, हादसे के बाद बार-बार देखा." चष्मा काढून ते पुसत राहिले. "मेरे उस्ताद ने सिखाया था, बटन दबाकर हाथ पीछे बाँध लो. हाथ खुले हों तो अपने आप चले जावैं हैं. चालीस साल मैंने बिना हाथ बाँधे मशीन नहीं खोली. और देखो, उस एक दिन, कैमरे के चक्कर में... पता ना मुझे क्या हुआ. मुझे तो याद है कि मैं खड़ा रहा था. पर वीडियो में तो साफ़ दिक्खै है."

अपघातानंतर त्या माणसाने मोबाईलवरच्या माझ्या कापलेल्या तुकड्यावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःच्या चाळीस वर्षांवर नाही. माझी सफाई इतकी चांगली होती. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावरची वही बाजूला सरकवली आणि फुटेज लावलं.

पडद्यावर मास्टरजींनी बटण दाबलं. हात पाठीमागे घेतले. समोर बसलेले मास्टरजी पुढे वाकले. पहिलं अर्धं मिनिट ते पडद्यावरच्या स्वतःच्या हातांकडेच बघत होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले. चहा आला, कुणीतरी ठेवून गेलं, ते हलले नाहीत. पडद्यावर काहीही होत नव्हतं आणि तो माणूस डोळ्यांची पापणी न हलवता ते बघत होता. मी बाहेर पोत्यांकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघण्याचा मला हक्क नव्हता.

दोन मिनिटं दहा सेकंद झाले. पडद्यावरच्या मास्टरजींनी हात सोडवले आणि ढक्कन उघडलं.

समोरच्या मास्टरजींनी रुमालाने तोंड पुसलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी अगदी साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "तो ये आपने काटा क्यूँ, मैडम जी?"

मी खरं तेच सांगितलं. "मुझे लगा, इसमें कुछ हो नहीं रहा है."

त्यांनी पडद्यावरच्या ढक्कनावर बोट ठेवलं. मग वर्गात एखाद्या नव्या मुलाला समजावतात तसे, न रागावता, म्हणाले, "मशीन रुक रही थी."